तेवीस हिरव्या टेस्ट, एक काटापावती आणि इक्वल्सव्हेरिफायर

काटापावती नावाचा आमचा एक जावा क्लास आहे. पावती नंबर, गाडी नंबर, तारीख, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि भाडं दिलं की नाही, अशी सहा फील्ड. बाकी गेटर (फील्ड वाचणारं), सेटर (फील्ड बदलणारं), इक्वल्स (दोन पावत्या सारख्या का ते सांगणारं), हॅशकोड (शोधाशोध सोपी करणारा आकडा काढणारं), टूस्ट्रिंग (पावतीचा मजकूर करणारं). डोकं लावावं असं त्यात काही नाही, नुसता डबा. या डब्याला तेवीस युनिट टेस्ट होत्या, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणारे छोटे प्रोग्राम. तेवीसच्या तेवीस हिरव्या, म्हणजे पास, आणि कव्हरेज, म्हणजे टेस्टनी चालवून पाहिलेला कोड, १०० टक्के. आणि संत्र्याच्या गेल्या आंबिया बहारात याच डब्यापायी वरुडहून आलेल्या एका गाडीचं भाडं दोनदा निघालं.

हा रिव्ह्यू इक्वल्सव्हेरिफायर नावाच्या लायब्ररीचा आहे, क्लासचा इक्वल्स आणि हॅशकोड नीट लिहिलाय का ते ती तपासते. पण ती माझ्या हाती कशी लागली हे कळल्याशिवाय ती कामाची की बिनकामाची हे कळणार नाही, म्हणून आधी गाडीचं सांगते.

आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरात एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या दोन खोल्यांत बसतो. सात माणसं, एक कुलर आणि एक व्हाइटबोर्ड, ज्याचं पेन कायम वाळलेलं. आमचं एक गिऱ्हाईक कळमन्याच्या बाजूचा ट्रान्सपोर्टवाला. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड इकडून संत्र्याच्या गाड्या भरून येतात, त्यांच्या भाड्याचा हिशोब आमचं सॉफ्टवेअर करतं. भाडं टनावर. भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरला की रिकामी चढते, वजाबाकी केली की निव्वळ वजन. काट्याच्या कॉम्प्युटरमधून रात्री एक फाइल येते, तिच्यात दिवसभराच्या पावत्या. कधी काट्याचं नेट बंद पडलं तर ऑफिसातला पोरगा कागदी पावती पाहून हाताने भरतो, ती आमच्या टेबलात जाते. रात्री दोन्हीकडच्या पावत्या एका हॅशसेटमध्ये, म्हणजे सारखी गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या जावाच्या पेटीत, ओतायच्या. सारखी दुसरी आली तर सेट ती ठेवत नाही, उरतील त्यांचं भाडं काढायचं. साधी चाळणी.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुनीमजींचा फोन आला.

"ताई, तुमची मशीन काय करून राह्यली बाप्पा? एका गाडीचं भाडं दोनदा निघून राह्यलं."

मी म्हटलं, गाडीने दोन खेपा केल्या असतील, पावत्या दोन असतील.

"एकच हाय. माझ्या वहीत एकच हाय."

मुनीमजींची ती लाल कापडाची लांब वही बंद करा म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. कॉम्प्युटर असताना दोनदा लिहायचं कशाला, हे माझं म्हणणं. त्या शनिवारी मी ते परत काही म्हटलं नाही. सुभाषनगरहून मेट्रो धरली, प्रजापतीनगरला उतरून ऑटोने कळमन्याला गेले आणि वहीशेजारी लॅपटॉप उघडून बसले.

लॉगमध्ये दोन ओळी एकाखाली एक होत्या. नंबर तोच, गाडी तीच, तारीख तीच. वरच्या ओळीत भरलेलं वजन १४.३५, खालच्या ओळीत १४.३५०. बस, एवढाच फरक. शेवटचं शून्य.

त्या दिवशी काट्याचं नेट दुपारी गेलं होतं, पोराने पावती हाताने भरली. संध्याकाळी नेट आलं आणि रात्रीच्या फाइलमध्ये तीच पावती पुन्हा आली. टेबलातला वजनाचा कॉलम दशांशानंतर तीन आकड्यांचा, म्हणून तिथून वाचलेलं वजन १४.३५०. फाइलमध्ये मजकूर होता १४.३५, तो वाचून केलेलं वजन १४.३५. मुनीमजींना, मला, तुम्हाला हे एकच वजन. जावाच्या बिगडेसिमलला, म्हणजे दशांश आकडे ठेवणाऱ्या प्रकाराला, नाही. बिगडेसिमल आत दोन गोष्टी ठेवतो: टिंब काढून टाकलेला पूर्ण आकडा, आणि टिंबानंतर किती घरं ते. म्हणजे एकाकडे १४३५ आणि २, दुसऱ्याकडे १४३५० आणि ३. इक्वल्स या दोन्ही गोष्टी जुळवून पाहतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन वजनं वेगळी. हॅशकोडही याच दोघांवरून निघतो, म्हणजे सेटमध्ये शोधाशोध बहुतेक वेळा वेगळ्याच खणात सुरू होते. लहान-मोठं पाहणारा कम्पेअरटू मात्र शून्यं मोजत नाही, त्याला विचारलं तर तो दोन्ही सारखी सांगतो. हे जावाच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते कधीतरी वाचलेलंही होतं. त्याचा काय उपयोग.

आता त्या तेवीस टेस्टचं.

आणखी एका गिऱ्हाइकाच्या करारात कलम होतं, कव्हरेज ९० टक्क्यांच्या खाली नको. मग आम्ही सगळ्याच प्रोजेक्टांना तो नियम लावला, एक पट्टी सगळ्यांना. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या पोराला ते काम दिलं. त्याने एका दुपारी डेटा क्लासच्या पाठोपाठ डेटा क्लास उरकले. सेट गाडी नंबर, गेट गाडी नंबर, जुळला, हिरवा. सेट तारीख, गेट तारीख, हिरवा. इक्वल्सची टेस्टही होती बरं का. दोन पावत्या बनवल्या, दोघींनाही वजन दिलं १०, सारख्या निघाल्या, हिरवा. ती टेस्ट काय विचारत होती? दहा म्हणजे दहाच ना? हो, दहाच.

कोड रिव्ह्यू मीच केला होता. सकाळी, एका हातात तर्री पोह्याची प्लेट. पोऱ्याला दोष देण्याची सोय नाही.

सोमवारी ऑफिसात भांडण झालं, म्हणजे आमच्याकडे होतं तसं, चहा गार होईपर्यंतचं. आमच्यातले वयाने मोठे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांचं मत सरळ होतं. "गेटर-सेटरच्या टेस्ट म्हणजे कंपायलरच्या टेस्ट. काढून फेका सगळ्या. डेटा क्लासला टेस्ट लागतच नाही." ते अगदीच हवेत बोलत नव्हते. जावात टेस्ट लिहायचं हत्यार जेयुनिट, त्याच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांतच म्हटलं आहे की जी गोष्ट आपली आपण मोडूच शकत नाही ती टेस्ट करण्याइतकी मोठी नाही, आणि पहिलं उदाहरण गेटरचंच दिलं आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली विमानात बसून ज्याची पहिली आवृत्ती लिहिली, त्या हत्याराचे घरचेच लोक हे सांगतात. दादांना हे ठाऊक होतं आणि ते त्यांनी दोनदा ऐकवलं.

धाकट्याचा प्रश्न साधा होता. "पण ताई, मोडलं तर डेटा क्लासच ना?"

मला तिथे अडकल्यासारखं झालं, कारण दोघांचंही बरोबर होतं. मोडला तो डेटा क्लासच. पण गेटर मोडला नव्हता, सेटर मोडला नव्हता. मोडला होता क्लासने सेटला दिलेला शब्द, की या दोन पावत्या एकच आहेत का हे मी तुला नीट सांगेन. आपण इक्वल्स लिहितो, किंवा आयडीईकडून (कोड लिहायचा एडिटर) लिहून घेतो, किंवा असा कोड आपोआप बनवणाऱ्या लॉम्बॉककडून, तेव्हा हा शब्द आपण देऊन बसतो. आणि वर म्हणतो, यात काही लॉजिक नाही.

त्या संध्याकाळी मी इक्वल्सव्हेरिफायर प्रोजेक्टात टाकला. नाव आधी ऐकून होते, कधी गरज पडली नव्हती, म्हणजे पडली होती पण कळली नव्हती. एका डच प्रोग्रामरने लिहिलेली ही लायब्ररी आहे, अपाचे लायसन्स, किंमत शून्य रुपये. लायब्ऱ्या आणून प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हनच्या फाइलमध्ये टेस्टपुरती एक डिपेंडन्सी लावायची. टेस्ट एका ओळीची: इक्वल्सव्हेरिफायर, फॉरक्लास काटापावती, व्हेरिफाय. ना ऑब्जेक्ट बनवायचे, ना दहा-वीस असली वजनं शोधायची. क्लास दाखवायचा, बाकी ती स्वतः बनवते, एकेक फील्ड बदलून पाहते, नल, म्हणजे रिकामी किंमत, टाकून पाहते, पोटक्लास, म्हणजे याच क्लासवर उभा केलेला दुसरा क्लास, बनवून पाहते. इक्वल्सचे ठरलेले नियम आहेत ना, स्वतःशी सारखा असणं, अ जर ब सारखा तर ब पण अ सारखा, तिघांची साखळी जुळणं, नलशी कधीच सारखा नसणं, आणि सारख्या दोघांचा हॅशकोड एक असणं, ते सगळे ती एकामागोमाग तपासते.

पहिल्यांदा चालवली आणि लाल. तक्रार: इक्वल्स फायनल नाही, कोणी या क्लासचा पोटक्लास करून इक्वल्स बिघडवू शकतो. मी क्लासच फायनल केला. पुन्हा चालवली. लाल. इक्वल्स अशा फील्डवर अवलंबून आहे जी नंतर बदलता येते. हे वाचून मी जरा थांबले. सेटमध्ये पावती टाकली आणि नंतर कोणी सेटरने तिचं वजन बदललं, तर तिचा हॅशकोड बदलतो आणि ती सेटमध्ये असूनही सापडत नाही. आपल्याच घरात हरवलेली. आमच्याकडे तसं कोणी करत होतं का? शोधलं तर एका ठिकाणी करत होतं. अजून अंगावर आलं नव्हतं एवढंच. सेटर काढले, फील्ड फायनल केली. यात दीड दिवस गेला, कारण सेटर वापरणारे स्क्रीन चार होते.

पुन्हा चालवली. लाल. भाडं दिलं की नाही हे फील्ड इक्वल्समध्ये घेतलेलं नाही.

ही तक्रार मला सगळ्यात जास्त आवडली. ते फील्ड न घेणं बरोबर होतं, भाडं दिलं म्हणून पावती वेगळी होत नाही. पण ते आम्ही ठरवून केलं होतं की विसरून, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. इक्वल्स लिहिला तेव्हा ते फील्ड नव्हतंच, मागून आलं. म्हणजे नशिबाने बरोबर निघालं. आता टेस्टमध्ये लिहावं लागलं की हे फील्ड मुद्दाम वगळलं आहे. उद्या कोणी सातवं फील्ड टाकलं, चालकाचा नंबर म्हणा, तर टेस्ट लाल होऊन विचारेल, हे पावतीच्या ओळखीत धरायचं का नाही? तेवीसपैकी एकही टेस्ट हे विचारत नव्हती. नवीन फील्ड आलं की त्या तेवीस तशाच हिरव्या राहतात आणि आपण आणखी दोन लिहून पंचवीस करतो.

आणि मग आली ती. बिगडेसिमलची तुलना कम्पेअरटूने सारखी, पण इक्वल्सने वेगळी. उदाहरणात तिने स्वतःच एक किंमत आणि शेवटी एक शून्य जास्त असलेली तीच किंमत दाखवली. मी ते वाचलं आणि मुनीमजींची वही आठवली. शनिवारी कळमन्यात बसून जे मी दोन तासांनी शोधलं, ते या बाईने, मी तिला बाईच म्हणते, कुठलाही डेटा न पाहता सांगितलं. काट्याची फाइल नाही, टेबल नाही, काही नाही. नुसता क्लास पाहून.

दुरुस्ती छोटी होती. इक्वल्समध्ये वजनं कम्पेअरटूने जुळवायची, आणि हॅशकोड काढताना शेवटची शून्यं झाडून घ्यायची. दोन्ही करावं लागतं. मी आधी फक्त इक्वल्स बदलला, तर तिने लगेच पकडलं की सारख्या दोघांचा हॅशकोड वेगळा येतोय. तेवढ्यावर थांबले असते तर सेट तसाच चुकत राहिला असता आणि मी म्हणत बसले असते, आता तर इक्वल्स ठीक आहे.

आता कुरकुर. नाहीतर ही जाहिरात व्हायची.

एक तर ती एका वेळी एकच तक्रार सांगते. वर तुम्ही पाहिलंच: दुरुस्त करा, चालवा, पुढची. जुन्या क्लासवर पहिल्यांदा लावली की हा खेळ पाच-सहा वेळा होतो. डॉक्टरने आज सर्दी सांगावी, उद्या या म्हणावं आणि उद्या दात. मेसेजच्या शेवटी मात्र ती समजावणाऱ्या पानाचा पत्ता देते, आणि ती पानं खरंच वाचण्यासारखी आहेत. आमच्या धाकट्याचं इंग्रजी जेमतेम, त्याला पहिले दोन दिवस मेसेज मीच फोडून सांगितले, तिसऱ्या दिवसापासून तो मला सांगायला लागला.

दुसरं, ती फार सोवळी आहे. इक्वल्स फायनल पाहिजे, फील्ड बदलणारी नको. नव्या कोडला हे चालतं. सात वर्षांच्या जुन्या कोडला कसं चालेल? त्यासाठी तिच्यात सवलत आहे. सिम्पल म्हणून एक रूप आहे, ते या दोन मुख्य तक्रारी गिळतं. शिवाय एकेक इशारा नाव घेऊन बंद करता येतो. इथेच घात आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या धाकट्याने एका क्लासवर पाच इशारे एका ओळीत बंद केले, टेस्ट हिरवी झाली, पोरगा खुश. मी पाहिलं तर त्यातला एक बिगडेसिमलचाच. म्हटलं, "अरे, ज्याच्यासाठी लग्न केलं तोच मांडवाबाहेर?" तेव्हापासून इशारा बंद करायचा तर वर एक ओळ मराठीत लिहायची, का बंद केला. एका ओळीत कारण लिहिता येत नसेल तर इशारा चालू.

तिसरं, आम्ही नंतर काही क्लासचे रेकॉर्ड केले, म्हणजे जावाचे आखूड डेटा क्लास, ज्यांचा इक्वल्स कंपायलर लिहितो. रेकॉर्ड जावा १६ मध्ये, मार्च २०२१ ला, पक्के झाले, आम्ही १७ वर आहोत. रेकॉर्ड बनवायचा तर तिला त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारा कोड, चालवावा लागतो, आणि आमच्या एका रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये अट आहे की वजन शून्यापेक्षा मोठं पाहिजे. तिने आपल्या मनाने भरलेल्या किमती त्या अटीत बसेनात. लाल. त्या फील्डच्या प्रकारासाठी चालतील अशा किमती तिला हाताने द्याव्या लागल्या. यात अर्धा दिवस गेला आणि माझी थोडी चिडचिड झाली, कारण अट बरोबर होती, रेकॉर्ड बरोबर होता, आणि लाल दिवा आमच्यावर.

रेकॉर्डवरून आठवलं. भांडणाच्या दुसऱ्या फेरीत दादा म्हणाले होते की रेकॉर्ड करा, इक्वल्स कंपायलर लिहील, विषय संपला. नाही संपत. रेकॉर्डचा इक्वल्स बिगडेसिमलला बिगडेसिमलच्याच इक्वल्सने जुळवतो, म्हणजे १४.३५ आणि १४.३५० तिथेही वेगळेच. आणि त्याहून एक मजेशीर गोष्ट आम्हाला सापडली. आमच्या एका क्लासमध्ये पावतीचा फोटो बाइटच्या अ‍ॅरेत असतो. तो क्लास लॉम्बॉकचा होता. लॉम्बॉक अ‍ॅरे आतून जुळवतो, एकेक बाइट. आम्ही त्याचा रेकॉर्ड केला. रेकॉर्ड अ‍ॅरेचं आत काय आहे ते पाहतच नाही, हा तोच अ‍ॅरे आहे का एवढंच पाहतो. म्हणजे वरून दिसायला साफसफाई, ओळी चाळीसच्या चार झाल्या, आणि एकच फोटो दोनदा वाचला तर दोन वेगळ्या वस्तू. गेटरच्या टेस्ट असत्या तर सगळ्या पास झाल्या असत्या. इक्वल्सव्हेरिफायरची ती एक ओळ क्लासवर आधीपासून होती, म्हणून रेकॉर्ड करताच लाल झाली: अ‍ॅरे नीट जुळवलेला नाही. त्या दिवशी दादांनी स्वतः उठून चहा सांगितला. बोलले काही नाहीत.

तिला जे दिसत नाही, तेही सांगायला पाहिजे, कारण धाकट्याला दोन महिन्यांत असं वाटायला लागलं की ही ओळ टाकली की क्लास धुतल्या तांदळासारखा.

काटापावतीच्या कन्स्ट्रक्टरला दोन वजनं लागतात, आधी भरलेलं, मग रिकामं. दोन्ही बिगडेसिमल. कोणी उलटी दिली तर कंपायलर गप्प, आणि इक्वल्सव्हेरिफायरही गप्प, कारण उलट्या पावत्या दोन्ही सारख्याच उलट्या. आमच्या फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये हे एकदा झालं होतं, निव्वळ वजन उणे आलं, म्हणून लगेच कळलं. आता तिथे एक टेस्ट आहे. काट्याच्या खऱ्या फाइलमधली एक ओळ घ्यायची, वाचायची, निव्वळ वजन ८.४५ आलं पाहिजे. १४.३५ वजा ५.९०, तीच वरुडची गाडी. मुनीमजींच्या वहीतून घेतलेला आकडा आहे. ही टेस्ट गेटर चालवते, कन्स्ट्रक्टर चालवते, सगळं चालवते, आणि गेटरचं नावसुद्धा घेत नाही. अशी एक टेस्ट असेल तर सहा गेटरच्या सहा टेस्ट कशाला लागतात, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. एकच पथ्य: दोन्ही वजनं वेगळी पाहिजेत. जुन्या टेस्टमध्ये सगळीकडे १० होतं. दहातून दहा गेले, उलटे गेले काय नि सुलटे गेले काय.

दुसरी न दिसणारी जागा म्हणजे जेसन, दुसऱ्या प्रोग्रामला डेटा पाठवायचा मजकूर. भाडं दिलं की नाही हे फील्ड आमच्या मोबाइल अ‍ॅपकडे जातं. एका छोट्या लॉम्बॉक क्लासमध्ये पोऱ्याने बूलियन फील्डचं नाव ठेवलं इझपेड. लॉम्बॉक अशा वेळी पुढचा इझ सोडून देतो, गेटर बनवतो इझपेड आणि सेटर बनवतो सेटपेड. जेसन बनवणारी जॅक्सन लायब्ररी गेटर पाहून जेसनमध्ये नाव देते नुसतं पेड. अ‍ॅपवाला शोधतोय इझपेड. त्याला मिळेना, म्हणून सगळ्या गाड्यांचं भाडं बाकी दिसायला लागलं. हे दोन्ही लायब्ऱ्यांच्या ठरलेल्या नियमाप्रमाणेच चाललं होतं, चूक आमची, नाव ठेवण्याची. इथे इक्वल्सव्हेरिफायर काय करणार? इथे वेगळी टेस्ट: ऑब्जेक्टचा जेसन करा, आणि तो ठरलेल्या मजकुराशी अक्षराला अक्षर जुळतो का पाहा. नुसतं करून परत वाचलं तर कळत नाही, कारण परत वाचणाराही तीच चूक तितक्याच प्रेमाने करतो. ज्या डेटा क्लासची पावती घराबाहेर जाते, त्याला ही टेस्ट. जो घरातच राहतो त्याला नाही.

टूस्ट्रिंगला आम्ही काहीच लिहीत नाही. लॉगमध्ये वाचायला ठीक आहे तोवर ठीक.

मग त्या तेवीस टेस्टचं काय झालं? काढल्या. धाकट्याने स्वतः काढल्या, जरा जड मनाने, मी म्हटलं दुपार गेली असं समज. कव्हरेजचा आकडा घसरेल ही भीती होती. पण जे लॉम्बॉकने लिहिलं ते आपण मोजायचंच कशाला? लॉम्बॉकच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकली की तो आपल्या लिहिलेल्या कोडवर जनरेटेडचा शिक्का मारतो, आणि कव्हरेज मोजणारा जॅकोको ०.८.० पासून तो शिक्का पाहून तेवढा भाग मोजणीतून सोडतो. आकडा थोडा खालीच आला, पण आता तो आमच्या हाताने लिहिलेल्या कोडचा आकडा आहे. कराराचं कलम ज्यांचं होतं त्यांना मी हे फोनवर समजावलं. पंधरा मिनिटं लागली. माणूस समजूतदार निघाला, म्हणाला, आम्हाला आकडा हवा असं नाही, कोणीतरी पाहिलंय एवढं हवं.

वेगाचं विचाराल तर, आमच्या एक्केचाळीस डेटा क्लासवर चालवून बिल्डला लागणाऱ्या वेळात आम्हाला तरी फरक जाणवला नाही. प्रत्येक क्लासला वेगळी ओळ लिहायची नसेल तर अख्खं पॅकेज एकदम देता येतं. आम्ही आधी तसं केलं, मग सोडलं, कारण मग वगळलेली फील्ड आणि बंद केलेले इशारे कोणत्या क्लासचे ते गर्दीत दिसेनासं होतं. क्लासला एक ओळ, तिच्यावर कारण, हे आम्हाला बरं पडलं. डेटाबेसच्या एन्टिटी क्लासना, म्हणजे टेबलातली एकेक ओळ धरणाऱ्या क्लासना, मात्र जपून लावा. तिथे ओळख नंबरावरून ठरवायची की बाकी फील्डवरून, हे आधी ठरलेलं पाहिजे. ठरलं असेल तर तिच्यात त्याची सोय आहे. ठरलं नसेल तर ती तुम्हाला ठरवायला लावते, आणि आमच्याकडे ते ठरायला दोन मीटिंगा लागल्या.

घ्यावी का? तुमच्या डेटा क्लासला इक्वल्स असेल, हाताने लिहिलेला असो, लॉम्बॉकचा असो नाहीतर रेकॉर्डचा, आणि तो ऑब्जेक्ट कुठल्या सेटमध्ये किंवा मॅपच्या किल्लीत जात असेल, तर डोळे मिटून घ्या. पैसा, वजन, टक्के असं काही बिगडेसिमलमध्ये ठेवत असाल तर आजच घ्या. ऑब्जेक्ट नुसता इथून तिथे जात असेल, कोणी त्याची कोणाशी तुलना करत नसेल, तर इक्वल्सच लिहू नका. मग ही लायब्ररीही नको आणि टेस्टही नको. आमचे एक्केचाळीसपैकी तेरा क्लास असे निघाले. त्यांचे इक्वल्स काढून टाकताना मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एका वेळी एकच तक्रार सांगते म्हणून.

आता मृग बहाराच्या गाड्या सुरू आहेत. परवा कळमन्याला गेले होते, काट्याचं नेट पुन्हा गेलेलं, पोरगा हाताने पावत्या भरत बसला होता. रात्री फाइल आली, दोन्ही मिसळल्या, भाडं एकेकदाच निघालं. मुनीमजींनी वही उघडून एकेक ओळ लावून पाहिली, मी शेजारी बसून मोसंबीचा ज्यूस पीत होते. सगळं जुळल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आज बरोबर हाय." मग वहीत तारखेखाली रेघ मारली. ती वही बंद करायला मी आता सांगत नाही.